गावच्या शाळेच्या टीमचा बास्केटबॉल डिफेन्स: शाळा उघडल्यापासून जिल्ह्याच्या मॅचपर्यंत काय काय करायचं

शाळा उघडली की दहा-बारा पोट्ट्या गोळा होतात, त्यातल्या अर्ध्या कबड्डीतल्या, दोन-तीन खो-खोतल्या, आणि एखादीच अशी की जिनं बास्केटबॉल आधी हातात घेतला असते. सर म्हणतात यंदा जिल्ह्याला टीम पाठवू. मग पहिल्या दिवसापासून सगळ्या जणी रिंगमधे बॉल टाकायला लाईन लावतात, महिना-दोन महिने तेच चालते, अन् जिल्ह्याच्या पहिल्याच मॅचमधे समोरची शहरातली शाळा पन्नासेक पॉईंट चढवून घरी पाठवते. तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचं वाचा. मुलींची टीम असो की मुलांची, पद्धत एकच आहे, मी पोट्ट्या म्हणजे मुली धरून लिहून राहिलो एवढंच.

शूटिंग यायला वर्षं लागतात. हात बसावा लागतो, बॉल बरा लागतो, रिंग सरळ अन् ३.०५ मीटरवर लागते, आपल्या कित्येक ग्राउंडवर ती वाकून खाली आलेली असते. डिफेन्सला पाय, तोंड आणि सवय एवढंच लागते आणि ते एका सीझनमधे तयार होऊ शकते. फक्त सगळं एकदम शिकवायला जाऊ नका. जिथून सगळ्यात जास्त पॉईंट गळून राहिले ते भोक आधी बुजवायचं, मग दुसरं.

आधी वही

भोक कुठं आहे हे डोळ्यानं समजत नाही. मॅच पाहताना लांबून पडलेला एखादा भारी बास्केट लक्षात राहते आणि फुकट गेलेले दहा विसरून जातात. म्हणून सरावाची मॅच असली की बाहेर बसलेल्या खेळाडूच्या हातात वही द्या, पाच रकाने पाडा: पळत येऊन टाकला, ड्रिबल करत (बॉल आपटत) आत घुसून टाकला, मिसचा बॉल परत घेऊन टाकला, बाहेरून टाकला, फ्री थ्रो (फाऊलमुळे भेटलेला बिनअडथळ्याचा शॉट). समोरच्यांचा बास्केट पडला की योग्य रकान्यात रेघ. बस.

मोठ्या लीगमधे याच्यासाठी भलतं गणित असते, दर शंभर पझेशनमागे (बॉल हाती आल्याच्या दर शंभर पाळ्यांमागे) किती पॉईंट दिले वगैरे, आणि खोलात गेलं की ते लोक पण समोरच्यांचं शूटिंग, त्यांचे टर्नओव्हर (हातचा गमावलेला बॉल), रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल धरणं) आणि फ्री थ्रो या चारच गोष्टींवर येऊन थांबतात. स्टील (चोरलेला बॉल) आणि ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) हे आकडे एनबीए या अमेरिकेतल्या लीगनं अधिकृतपणे मोजायला सुरुवातच १९७३-७४ च्या सीझनपासून केली, आणि ते मोजून पण अर्धा डिफेन्स कागदावर येत नाही. जिच्यामुळे समोरचीनं पासच टाकला नाही तिच्या नावावर काय लिहाल? तर आपल्याला रकाने पुरे.

नवीन टीमच्या वहीत साधारण काय निघते ते सांगून ठेवतो: पहिला आणि तिसरा रकाना भरून वाहतो, फ्री थ्रोचा त्याच्या मागे. बाहेरून टाकलेले चार-दोन. म्हणजे जिची भीती वाटते ती लांबून तीन पॉईंटचा टाकणारी तुम्हाला हरवत नाही, तुमचं मागं न पळणं हरवते.

मागं पळणं

म्हणून जुलैमधे पहिलं काम हे. आपला शॉट सुटला की कोण मागं जाईल हे शॉट सुटायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मी दोन मागं आणि तीन रिबाउंडला असं ठेवायला सांगतो, आणि त्या दोघींची नावं आधीच सांगायची, “कोणीतरी जा” म्हटलं की कोणीच जात नाही. त्यातली एक सरळ आपल्या रिंगखाली, दुसरी बॉल घेऊन येणारीला थांबवायला. बाकीच्या तिघींनी बॉल हातातून गेला की पाठ फिरवून अर्ध्या लाईनपर्यंत जीव तोडून पळायचं, मान वळवून बॉलवर नजर, आणि अर्धी लाईन ओलांडल्यावर मग उलट्या पायानं. सुरुवातीपासूनच उलट्या पायानं धावत बसल्या तर समोरची बाजूनं निघून जाते, पाहात राहा मग.

आणखी एक, परत येताना आपापली खेळाडू शोधत फिरायची नाही. आधी बॉल थांबवा, मग रिंग झाका, मग ज्याच्या समोर जो येईल तो. जोड्या नंतर बदलता येतात.

याच्या सरावाला गावात फुकटची टीम असते. सकाळी ग्राउंडवर पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे सोळाशे मीटर मारत असतात, त्यातल्या चार-पाच जणांना म्हणा बाप्पा, पंधरा मिनिटं इकडं या, बॉल घ्या अन् फक्त पळून लेअप, म्हणजे रिंगजवळून बॉल टाका. त्यांना ड्रिबल धड येत नाही पण पळतात लय. आठवड्यातून दोनदा त्यांच्यामागं धावल्या की जिल्ह्यातल्या मुलींचा फास्ट ब्रेक (बॉल भेटताच पळत येऊन टाकणं) हळू वाटाय लागते.

उभं राहणं आणि सरकणं

कबड्डीवाल्या असल्या की खाली वाकून उभं राहायची सवय तयार असते, हे मोठं भांडवल. पण त्या कंबरेतून वाकतात, इथं गुडघ्यातून बसायचं आणि छाती वर ठेवायची, नाहीतर तोल पुढं जातो आणि समोरची एका झटक्यात पार. पाय खांद्यापेक्षा जरा रुंद, वजन पंजावर, टाच नुसती टेकलेली. दुसरी सवय वाईट: समोरून कोणी गेली की हात आपोआप कमरेला नाहीतर मांडीला जातो. कबड्डीत त्याचा पॉईंट भेटते, इथं फाऊल. त्यावर सोपा उपाय म्हणजे दुपट्टा मानेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं दोन हातांत घट्ट धरायची आणि तसंच सरकत समोरचीला अडवायचं. हात बांधलेले असले की पाय हलवल्याशिवाय इलाज राहात नाही. खो-खोवाल्यांचं उलट, पाय वाऱ्यासारखे पण उभ्या सरळ राहतात, त्यांना फक्त खाली बसवायचं.

सरकताना जिकडं जायचं त्याच्या उलट्या पायानं जमीन ढकलायची, पाय एकमेकाला लागू द्यायचे नाही, क्रॉस तर बिलकुल नाही. साईडलाईन ते साईडलाईन असं नागमोडी सरकत पूर्ण कोर्ट, समोर एक जण हळू ड्रिबल करत. २८ मीटर लांब अन् १५ मीटर रुंद कोर्ट आहे, दोन चकरांत मांड्या पेटतात, म्हणून थोडं थोडं पण रोज.

मुरमाच्या ग्राउंडचा इथं एक फायदा आहे जो सिमेंटवाल्यांना नाही. सकाळी खराटा मारून घ्या, मग एकेकीला सरकायला लावा अन् झाल्यावर खाली बसून तिच्या पायाच्या खुणा पाहा. बरोबर सरकली असेल तर घासल्याच्या दोन वेगवेगळ्या रेघा दिसतात, मधे हातभर मोकळी जागा. जिथं पाय जवळ आले तिथं रेघा भिडलेल्या असतात, जिथं क्रॉस झाले तिथं सगळा गुंता, आणि जिथं ती उभी होऊन मागं टेकली तिथं टाचेचा खड्डा. तिला दाखवा, तिचं तिला समजते, आपल्याला ओरडायचं काम पडत नाही. बहुतेक जणींचा गुंता एकाच ठिकाणी असतो, डावीकडून उजवीकडे वळताना.

पाऊस लागून राहिला अन् ग्राउंडवर चिखल असला तर व्हरांड्यात या. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं आणि जागच्या जागी पाय आपटणं व्हरांड्यात आरामात होते. ओल्या काळ्या मातीवर पळवू नका, बुटाला किलोभर माती चिकटते आणि घोटे मुरगळतात.

उजवा हात बंद करा

हे पाच मिनिटात शिकवता येते अन् लगेच फरक दिसते. शाळेच्या लेव्हलला बहुतेक खेळाडू उजव्या आणि त्यांना डाव्या हातानं ड्रिबल येत नाही. तर समोर बरोबर मधोमध उभं न राहता अर्धं पाऊल तिच्या उजव्या हाताकडे उभं राहायचं, तिला डावीकडे आणि साईडलाईनकडे जाऊ द्यायचं. साईडलाईन बॉल चोरत नाही पण बाहेर काढते. मॅचच्या आधी वॉर्मअपमधे समोरच्या टीमकडे पाहात जा, कोण डावरी आहे तेवढं हेरून ठेवा.

मदत: इथं खरा वेळ द्या

एकटीनं एकटीला कायम अडवता येत नाही, मोठ्या मोठ्यांना येत नाही. डिफेन्स म्हणजे पहिली हुकली तर दुसरी कुठं आहे. आणि हे समजायला चार विरुद्ध चारचा सराव लागते, कोच लोक याला शेल म्हणतात.

कबड्डीचं ग्राउंड आखायची फक्की असते ना, ती घ्या आणि एका रिंगच्या खालून दुसऱ्या रिंगपर्यंत कोर्टच्या मधोमध उभी रेघ मारा. चार जणी अटॅकला, दोन वर आणि दोन बाजूला, चार डिफेन्सला. सुरुवातीला ड्रिबल नाही, शॉट नाही, फक्त पास. आता नियम. जिच्या खेळाडूकडे बॉल आहे ती हातभर अंतरावर, बॉलवर. जिची खेळाडू एका पासवर आहे ती आपल्या खेळाडूपासून एक पाऊल बॉलकडे सरकलेली, एक हात पासच्या रस्त्यात. जिची खेळाडू दोन पास लांब आहे ती आपली खेळाडू सोडून थेट फक्कीच्या रेघेवर, एक बोट बॉलकडे आणि एक बोट आपल्या खेळाडूकडे. दोन्ही बोटं दाखवायचीच, नुसतं “हाव सर, दिसते” चालणार नाही.

बॉल हवेत असतानाच चौघींनी हलायचं, पकडल्यावर नाही. हेच सगळ्यात अवघड आहे अन् याच्यातच सगळं आहे. मधूनच “स्टॅच्यू” ओरडा, सगळ्या जिथल्या तिथं थांबतील, मग फिरून पाहा कोण कुठं आहे. पहिल्या आठवड्यात दोन पास लांबवाली आपल्या खेळाडूला चिकटूनच उभी असते, काऊन की तिला भीती की माझ्या पोरीनं बास्केट टाकला तर सर मला बोलतील. ही भीती घालवणं कोचचं काम आहे. जाहीर सांगून टाका की रेघेवर असताना तुझ्या खेळाडूनं लांबून टाकला तर तुला कोणी काही म्हणणार नाही, पण आत घुसलेली तुझ्या नाकासमोरून गेली तर दुसऱ्या दिवशी चकरा.

हे बसलं की ड्रिबल सुरू करा. वरची खेळाडू साईडनं घुसली, तर लांबच्या बाजूची, रेघेवरची मुलगी धावत येऊन तिच्या रस्त्यात उभी राहते, पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) आत यायच्या आधी, रिंगखाली नाही. मग जी मदतीला गेली तिची खेळाडू मोकळी झाली, तिच्यावर वरची दुसरी मुलगी खाली सरकते. आणि जी हुकली होती ती बॉलच्या मागं धावत न बसता मोकळी राहिलेली शोधते. कागदावर सोपं वाटते, ग्राउंडवर पहिल्यांदा चौघी एकमेकींना धडकतात. धडकू द्या. चालत चालत करा, मग अर्ध्या स्पीडनं, मग पूर्ण. रोज वीस मिनिटं याला दिली आणि बाकी काहीच नाही केलं तरी वहीतला दुसरा रकाना कमी होते, हे मी छातीठोक सांगतो.

एक गोष्ट इथं फायद्याची: फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमात डिफेन्सवाल्याला पेंटमधे तीन सेकंदाचं बंधन नाही, ते अटॅकवाल्याला आहे. टीव्हीवर एनबीए पाहणारे पोट्टे वाद घालतात, तिकडं २००१-०२ पासून डिफेन्सलाही तीन सेकंद आहे, पण आपल्या मॅचेस फिबाच्या नियमानं होतात. म्हणून लांबच्या मुलीला आत उभं राहायला कोणी रोखत नाही.

तोंड

गावातल्या पोट्ट्या ग्राउंडवर बोलत नाहीत. वर्गात ओरडतील, शेतात एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाक मारतील, इथं चूप. इंग्रजीतले शब्द पाठ करायला लावले तर अजूनच चूप. आपले शब्द ठरवा: “बॉल माझा”, “मागं हाय मी”, कोणी आडवं उभं राहून रस्ता अडवला तर “भिंत डावीकून”, कोणी आत पळाली तर “गेली गेली”. शेलच्या वेळी जी बोलली नाही तिच्यामुळे आख्ख्या टीमची पाळी परत पहिल्यापासून, एवढा एक नियम लावा, आठ दिवसात कान किटतील.

भिंत आली तर, आणि पळत जाऊन अडवणं

या भिंतीला स्क्रीन म्हणतात. तिच्यातून सुटायचे पाच-सहा प्रकार मोठी टीम शिकते, तुम्ही दोनच शिका. दोघी साधारण एका उंचीच्या असल्या तर जोड्या बदलून घ्या. उंचीत फरक असला तर स्क्रीनच्या मागून, म्हणजे रिंगच्या बाजूनं जा, काऊन की समोरची लांबून टाकणारच नाही, टाकला तर टाकू द्या. खरोखर चांगली शूटर असली तरच वरून, म्हणजे स्क्रीनच्या पुढून तिला चिकटून जायचं.

रेघेवरून परत आपल्या खेळाडूकडे धावताना पहिलं दोन तृतीयांश अंतर सुसाट, मग छोटी छोटी पावलं, कंबर खाली, एक हात वर. थेट सुसाट गेली तर ती बाजूनं काढते. उडी मारायची नाही.

रिबाउंड

तिसरा रकाना आठवा. वीस सेकंद भारी डिफेन्स केला, शॉट चुकला, आणि बॉल परत त्यांनाच. फिबात असा बॉल त्यांनी घेतला की शॉट क्लॉकला (शॉट मारायचा वेळ मोजणाऱ्या घड्याळाला) परत १४ सेकंद भेटतात, म्हणजे पहिल्यापासून अडवा. शॉट सुटला की सगळ्यांच्या माना वर जातात, कटलेल्या पतंगाकडे पाहावं तश्या. मान वर नको. आधी आपली खेळाडू शोधा, तिला हातानं चापसा, वळून पाठ अन् पुट्ठे तिच्याकडे करा, खाली बसा, मग बॉल. सरावात असं करा: शॉट मारा आणि बॉल कोणी धरायचाच नाही, जमिनीवर टप्पा पडेपर्यंत समोरचीला आत येऊ द्यायचं नाही. दोन-तीन टप्पे पडले तरी बॉलला कोणी शिवली नाही तर डिफेन्स जिंकला. बाजूनं मारलेला लांबचा शॉट जास्त करून पलीकडच्या बाजूला पडते, म्हणून लांबच्या बाजूवालीनं सगळ्यात आधी वळायचं.

फाऊल

एकीचे पाच झाले की ती बाहेर. एका क्वार्टरमधे टीमचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. बारा जणींची टीम कागदावर असते, खेळता येणाऱ्या सहा-सात, म्हणून हे जपायला लागते. हात वरून खाली मारू नका, सरळ वर उभे धरा, पाय आधी पोचलेले असले अन् हात उभे असले तर तिनं येऊन धडकलं तरी चूक तिची. अर्ध्या कोर्टवर बॉलमागं हात घालून केलेला फाऊल सगळ्यात बिनकामाचा, ती कुठं बास्केट टाकणार होती तिथून?

झोन खेळायचा का

याच्यावर वाद होतात. २-३ झोन म्हणजे दोन वर तीन खाली उभ्या करून आत कोणाला येऊ द्यायचं नाही, चौदा वर्षांखालच्या मॅचमधे तर कोणी लांबून टाकत नाही, झोन लावला की निम्म्या मॅचेस जिंकता येतात. खरं आहे. तरी पोळ्यापर्यंत झोन शिकवू नका असं माझं मत आहे. झोनमधे आळशी पोरगी लपून जाते, आपली खेळाडू कोण हेच नसते त्यामुळे कोणाचं चुकलं हे कळत नाही, आणि रिबाउंडला वळायचं कोणावर तेही नाही. आधी माणसावर माणूस, म्हणजे एकीनं एकीला धरणं येऊ द्या. मग पोळा झाला की आठवडाभरात झोन बसते, काऊन की मदतीचे पाय तयार असतात. फाऊल जास्त झाले किंवा कोणी दमली तर तो कामी येते.

सीझन मधेच तुटतो, त्याचं काय

आपल्याकडे सीझन सरळ जात नाही. शाळा उघडतात जूनच्या शेवटाला, पावसात आठ-आठ दिवस जातात, पोळा-तान्हा पोळा झाला की गणपती, मग सोयाबीनची सोंगणी लागते अन् निम्मी टीम वावरात. तारखा जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून येतात अन् कधी कधी त्या दिवसातच येतात. म्हणून पाच-सहा जणी आल्या तरी सराव बंद करू नका, तीन विरुद्ध तीनमधे पण रेघ, मदत, वळणं सगळं होते. सोंगणीहून आलेल्या पोरीला चकरा मारायला लावू नका, तिचे पाय आधीच भरलेले असतात, तिला वही द्या.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या, हरलं की घरी. म्हणून सुधारायला मॅचेस तुम्हालाच जमवाव्या लागतात: बाजूच्या गावची शाळा, माजी विद्यार्थिनी, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकलेला कोणी भाऊ सुट्टीत आला असला तर त्याला पकडून आणा.

मधातच काही होत नाही असं वाटलं तर एनबीएतल्या डेट्रॉईट पिस्टन्स टीमचं पाहा. २००३-०४ चा सीझन अर्ध्याहून जास्त संपल्यावर, फेब्रुवारीत, रशीद वॉलेस त्यांच्याकडे आला. बेन वॉलेस आधीपासून आत उभा होताच, दोघं मिळून पेंट असा बंद झाला की त्यानंतर लागोपाठ पाच मॅचेस समोरच्या टीमला सत्तरच्या आत ठेवलं, आणि जूनमधे लेकर्सला ४-१ नं हरवून चॅम्पियन. आपल्याला रशीद वॉलेस कोणी देत नाही हे खरं, पण उंच पोरगी चुकीच्या जागी उभी असते हे बरेचदा खरं असते. बॉलवर नाचवण्यापेक्षा तिला मागच्या लाईनला ठेवून पाहा.

मॅचच्या दिवशी

नवीन काही सांगू नका. पहिल्या पाच मिनिटात वहीवालीला एकच विचारा, कुठून जाऊन राहिले, आणि टाइमआऊटमधे त्या एकाच गोष्टीवर बोला. पहिल्या अर्ध्यात दोन टाइमआऊट असतात, दुसऱ्यात तीन, पहिल्या अर्ध्यातले उरले तर पुढं चालत नाहीत, तेव्हा वापरून टाका. शेवटच्या मिनिटात दोन पॉईंटनं पुढं असाल तर बॉलवर हात घालायचा नाही, फक्त समोर राहायचं. आणि त्यांना फ्री थ्रो भेटलेच तर पेंटच्या दोन्ही बाजूला रिंगजवळच्या जागा आपल्या असतात, त्या दोघी आत वळतात हे सगळ्यांना माहीत असते, पण तिसरीला आधीच नेमून ठेवा की बॉल हातातून सुटला की तिनं टाकणारीच्या पुढ्यात जाऊन पाठ लावायची, काऊन की चुकलेल्या फ्री थ्रोमागं सगळ्यात मोकळी पळत येणारी तीच असते.